बोर्ड जळला तर चालेल ना? आमच्या विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाची फाइल

16 डिसेंबर 2024, सोमवार. विभागाची बैठक संपत आली होती आणि मी वही मिटून पेनाचं टोपण शोधत होते. तेवढ्यात सर म्हणाले, "यंदा विज्ञान दिनाचं मॅडम बघतील." मॅडम म्हणजे मी. भौतिकशास्त्र विभागात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे जितके तास तितका पगार, आणि कुठल्याही कागदावर सहीचा अधिकार नाही. दोन दिवसांचं प्रदर्शन, त्याला जोडून आर्डुइनोची, म्हणजे दिवे, सेन्सर, मोटर प्रोग्रॅमने चालवणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डची, कार्यशाळा, एक तुकडी कॉलेजच्या मुलांची आणि एक शाळेच्या. आर्डुइनोची भीती नव्हती, ते मी घरी खेळून शिकले होते. पण मंजुरीसाठी वर पाठवायची टिपणी आयुष्यात एकही लिहिलेली नव्हती. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, मराठवाड्यातलं आहे एवढं पुरे. ज्याच्या गळ्यात पुढच्या वर्षी हे पडेल त्याच्यासाठी सगळं क्रमाने लिहून ठेवतेय.

पहिली टिपणी मी तीन पानांची लिहिली. 28 फेब्रुवारी 1928 ला रामन परिणामाचा शोध, 1930 चं नोबेल, 1987 पासून साजरा होणारा राष्ट्रीय विज्ञान दिन, सगळं त्यात. 23 डिसेंबरला फाइल वर गेली आणि 6 जानेवारीला परत आली. शेरा एका ओळीचा होता: "सविस्तर अंदाजपत्रक जोडावे, लेखाशीर्ष नमूद करावे." नोबेल कुणी वाचलं नसावं. आस्थापनेतल्या एका ताईंनी मला खुर्ची दिली आणि समजावलं की टिपणी एका पानाची असावी. विषय, प्रस्ताव, खर्च किती, कोणत्या लेखाशीर्षातून, आणि शेवटी "मान्यतेस्तव सादर". बाकी सगळं परिशिष्टात. "वरच्यांना पान उलटायला लावायचं नाही," हे त्यांचे शब्द. लेखाशीर्ष म्हणजे अंदाजपत्रकातला कुठला कप्पा, हे मला त्या दिवशी कळलं. वय वर्षं चौतीस.

दुसरी टिपणी 8 जानेवारीला दिली, मागितले 45,000 रुपये. आवक क्रमांक त्याच वेळी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला. फाइलचं नाव विचारलं तर कुणालाच आठवत नाही, नंबर सांगितला की शिपाईमामा कपाट उघडतात. लेखा विभाग, कुलसचिव, कुलगुरू अशी ती फिरत राहिली आणि मी रोज साडेचारला नंबर घेऊन एक चक्कर मारायची. आपण पैसे मागायला आलोय असं वाटायचं आणि उगाचच कानकोंडं व्हायला व्हायचं. 24 जानेवारीला, शुक्रवारी, मंजुरी आली. पहिल्या बैठकीपासून 39 दिवस.

मंजुरीवर पेन्सिलीने एक प्रश्न लिहिलेला होता. मला आधी तो दिसलाही नाही. "बोर्ड डेड स्टॉक की कन्झ्युमेबल?"

हा प्रश्न ज्यांना किरकोळ वाटेल त्यांनी कधी सरकारी कपाटाची किल्ली सांभाळलेली नाही. डेड स्टॉक, म्हणजे जडसंग्रह नोंदवहीत वस्तू गेली की तिला नंबर पडतो, तो रंगाने तिच्या अंगावर लिहितात आणि वर्षातून एकदा मोजणी होते. ती मोडली तर आपोआप रद्द होत नाही. निर्लेखनाचा, म्हणजे वहीतून वस्तू कमी करण्याचा, प्रस्ताव, समिती, पाहणी, मंजुरी, आणि तोपर्यंत ती मोडकी वस्तू जपून ठेवायची. आमच्या विभागात एक गॅल्व्हानोमीटर माझ्या जन्माआधी मेलाय आणि अजून कपाटात सन्मानाने बसलाय. याच कारणाने आमच्या प्रत्येक प्रदर्शनात टेबलावर "हात लावू नये" अशी पाटी असते. दुष्टपणा नसतो त्यात. पाटी लावणाऱ्याच्या नावावर ती वस्तू असते, इतकंच.

आता 340 रुपयांच्या बोर्डला असा नंबर पडला आणि चाळीस मुलांच्या हातात तो दिला, तर प्रत्येक जळालेल्या बोर्डसाठी मी निर्लेखन समिती बसवायची? आणि मी तर कायम नोकरीतही नाही. नावावर सरांच्या लागणार. मग सर काय करणार? टेबलाभोवती दोरी बांधणार.

एम.एस्सी.ला असताना आम्ही पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेलो होतो. डॉ. कलबागांनी 1983 मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम तिथे आहे आणि 2002 पासून तिथे फॅब लॅब, म्हणजे हवी ती वस्तू स्वत: बनवून बघायची कार्यशाळाही आहे, जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी. मला आठवतं ते एवढंच की तिथली मुलं न विचारता हत्यार उचलत होती आणि कुणी दचकत नव्हतं. म्हणून मी अर्धं पान लिहिलं: हे बोर्ड प्रशिक्षणात हाताळण्यासाठी आहेत, किंमत कमी आहे, काही निकामी होणं अपेक्षित आहे, सबब उपभोग्य वस्तू (कन्झ्युमेबल) म्हणून नोंद व्हावी, खपाची नोंदवही विभाग ठेवेल. "काही निकामी होणं अपेक्षित" या शब्दांवर सरांनी पेन ठेवून माझ्याकडे बघितलं, पण सही केली. 29 जानेवारीला ते मान्य झालं. या सगळ्या उठाठेवीतली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची सही हीच. तुम्ही कार्यशाळा घेणार असाल तर हे वाक्य पहिल्याच टिपणीत टाका. माझे पाच दिवस त्यात गेले.

खरेदीचं थोडक्यात सांगते. आधी सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर शोधायचं, तिथे हवा तसा संच नसेल तर तसं लिहून द्यायचं, मग तीन दरपत्रकं. एक आमच्या गावातलं, एक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचं, एक पुण्याच्या तपकीर गल्लीतलं. तिन्हींत वस्तूंचं वर्णन शब्दश: सारखं हवं, नाहीतर तुलनात्मक तक्ता होत नाही. एकाने "सेन्सर" लिहिलं आणि दुसऱ्याने "मॉड्यूल", तर तो कागद परत आला. 12 फेब्रुवारीला तक्ता मंजूर झाला, पुणे सर्वांत स्वस्त. 20,000 चा अग्रिम, म्हणजे आगाऊ रक्कम, सरांच्या नावे निघाला, कारण तासिकावाल्यांना अग्रिम मिळत नाही. 14 तारखेला रात्रीच्या गाडीने मी स्वत: निघाले. पार्सल मागवता आलं असतं, पण मला बोर्ड लावून बघायचे होते.

तपकीर गल्ली सकाळी अकराच्या आत उघडत नाही, हे लक्षात ठेवा. बुधवार पेठेत दोन तास चहा पीत काढले. दुकानदार भला माणूस. मी लॅपटॉप काउंटरवर ठेवून एकेक बोर्ड जोडायला लागले तर म्हणाला, "ताई, सगळे चोवीस?" सगळे चोवीस. नवीन बोर्डवर बहुतेक वेळा ब्लिंकचा प्रोग्रॅम आधीच भरलेला असतो, त्यामुळे केबल लावल्यावर 13 नंबरच्या पिनेशेजारचा बारका दिवा लुकलुकतो. दोन बोर्डांचा लुकलुकला नाही, ते तिथल्या तिथे बदलून मिळाले. चोवीस बोर्ड केबलसह 8,160, अंतर मोजायचे सेन्सर 1,800, ब्रेडबोर्ड 1,560, जोडवायरी 1,320, बारके सर्वो मोटर बारा नग 1,320, एलईडी-रेझिस्टर वगैरे किडूकमिडूक 900. जीएसटी धरून 17,771 रुपये, म्हणजे एका संचाला साधारण 740. बिल घेतलं, पिशवीत टाकलं, नीट वाचलं नाही. ते पुढे भोवलं.

आता सभागृह. 28 ला आमचं प्रदर्शन, आणि 27 ला मराठी भाषा गौरव दिन. मराठी विभागाने ते सभागृह डिसेंबरातच धरून ठेवलेलं, ग्रंथप्रदर्शनासाठी. 26 ला महाशिवरात्रीची सुट्टी. म्हणजे मांडणीला हातात फक्त 27 ची रात्र. मी तणतणतच त्यांच्या विभागात गेले. तिथल्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "तुम्हाला टेबलं किती लागतात?" एकतीस. "आमची चाळीस भाड्याने येणार आहेत. तशीच ठेवतो, पांढऱ्या कापडासकट. दुसऱ्या दिवसाचं भाडं तुम्ही भरा." मंडपवाल्याने वाहतूक एकदाच लावली आणि आमचे अडीच हजार वाचले. 27 च्या संध्याकाळी पाच वाजता ज्ञानेश्वरीच्या प्रती उचलल्या गेल्या आणि त्याच टेबलावर प्रिझम आले.

त्याच रात्री आठ वाजता पोटात गोळा आला. संगणक प्रयोगशाळेतल्या अकरा संगणकांना बोर्ड दिसेचनात. कारण साधं होतं: स्वस्त बोर्डांवर यूएसबीसाठी सीएच 340 नावाची चिप असते, तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती ओळखायला लागणारा प्रोग्रॅम, त्या संगणकांवर नव्हता. तो टाकायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो, आणि पासवर्ड ज्यांच्याकडे ते सुट्टीला सुट्टी जोडून गावी गेलेले. चूक माझीच. मी आठवडाभर आधी एक संगणक तपासला होता आणि तो नेमका चालणारा निघाला. रात्री नऊला कार्यशाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं: ज्याच्याकडे लॅपटॉप आहे त्याने आणावा, ड्रायव्हर घरूनच टाकून आणावा, सोबत फाइल पाठवतेय. मग घरी जाऊन भाकरी न खाता झोपले. सकाळी चौदा लॅपटॉप आले. चालणारे नऊ संगणक धरून तेवीस झाले, हवे होते वीस.

प्रदर्शन दहाला उघडलं. दहावीची परीक्षा 21 पासून सुरू होती, म्हणून आम्ही सातवी ते नववीच्या शाळांनाच पत्रं पाठवली होती. जिल्हा परिषदेच्या चार शाळा काळीपिवळीत कोंबून आल्या. सगळ्यांत जास्त गर्दी आमच्या सगळ्यांत स्वस्त टेबलापाशी झाली. काचेची आयताकृती पेटी, पाणी, दोन चमचे दूध आणि एका बाजूने टॉर्च. बाजूने बघितलं की पाणी निळसर दिसतं, टॉर्चच्या समोर उभं राहिलं की दिवा नारिंगी होतो. रामन 1921 मध्ये बोटीने परत येताना भूमध्य समुद्राच्या निळाईत अडकले, तिथून ते प्रकाशाच्या विखुरण्याकडे वळले, हे सांगायला आमची एफ.वाय.ची मुलगी उभी होती. सातवीतल्या एकाने विचारलं, "मग दूध जास्त टाकलं तर?" तिने टाकू दिलं. चमच्यामागून चमचा. पेटी पांढरीफटक झाली, निळा गेला, नारिंगी गेला, तरी पोरगं खूश. दिवसभरात आम्ही ती पेटी सोळा वेळा धुतली आणि अडीच लिटर दूध संपलं. दुधाचं बिल कुठल्या लेखाशीर्षात टाकायचं यावर नंतर चर्चा झाली. "प्रयोगशाळा साहित्य" यावर एकमत झालं.

11 वाजून 40 मिनिटांनी अर्धं सभागृह अंधारात गेलं. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने थ्री-डी प्रिंटर आणला होता, त्यावर गणपती छापला जात होता. खालून वर छपाई होते, त्यामुळे पाट, पाय आणि पोट झालेलं आणि वरचं राहिलेलं. वायरमन म्हणाला, हा प्रिंटरच भारी लोड घेतो. पण प्रिंटर जेमतेम तीनशे वॅटचा. शोधत गेलो तर चहावाल्याने आपली दीड हजार वॅटची किटली आमच्याच एक्स्टेंशनमध्ये खोचली होती. सहा अँपिअरचं सॉकेट, गुणिले 230 व्होल्ट, 1,380 वॅट. किटली एकटीच तेवढं ओलांडते. आठवीच्या पोरांना फळ्यावर हा गुणाकार करून दाखवला, तो त्या दिवसाचा बिनछापील प्रयोग. प्रिंटरला अर्धवट काम पुन्हा पकडता येत नव्हतं, दोन तास वाया. बिनडोक्याचा गणपती हातात घेऊन एक मुलगी म्हणाली, "आता हत्तीचं लावा की." तो गणपती माझ्या टेबलावर आहे.

दुपारी कॉलेजची तुकडी. चाळीस जागांसाठी 112 नोंदण्या आल्या होत्या, त्यामुळे पहिल्या चाळीसांना दोन दिवस आधी फोन करून "येणार ना?" विचारलं. नऊ जण नाही म्हणाले, प्रतीक्षा यादीतले नऊ घेतले. फुकट कार्यशाळेला ही फोनाफोनी केलीच पाहिजे. शुल्क ठेवायचा विचार आम्हीही केला होता, पण विद्यापीठाच्या चलनाने पैसे भरून घेणं हा वेगळाच संसार आहे, तो नको म्हटलं.

1 मार्चला, शनिवारी सकाळी, शाळेची तुकडी आली आणि मला खरी धडकी तिचीच होती. पालकांची संमतीपत्रं आणि मुख्याध्यापकांचं पत्र आधीच मागवून ठेवलं होतं. दोघांत एक संच. एलईडीचा लांब पाय बोर्डकडे, मध्ये 220 ओहमचा रेझिस्टर, दुसरा पाय बोर्डच्या ग्राउंड पिनेला. दिवा एक सेकंद चालू, एक सेकंद बंद. प्रोग्रॅममधला 1000 चा आकडा बदलून बघा एवढंच सांगितलं. शंभर केला, फडफडला. दहा केला तर एक मुलगा ओरडला, "मॅडम, बंदच होईना!" तो बंद होत होता, डोळ्याला पकडता येत नव्हतं. हात दिव्यापुढे जोरात हलवायला सांगितलं तेव्हा बोटांची तुटक चित्रं दिसली आणि मग चाळीस पोरं पाच मिनिटं नुसते हात हलवत बसली.

अंतराच्या सेन्सरने भिंत, वही, डबा सगळं मोजून झालं. तो आवाज पाठवतो आणि परत आलेला ऐकतो. जायला-यायला लागलेल्या मायक्रोसेकंदांना 58 ने भागलं की सेंटिमीटर. एकीने ओढणी पुढे धरली तर आकडा वेड्यासारखा उड्या मारायला लागला. कापड आवाज गिळतं. हे मी शिकवणार नव्हते, तिने शोधलं. मातीतला ओलावा मोजायचा दोन काट्यांचा सेन्सर मी प्रात्यक्षिकासाठी घरून आणला होता. त्याच्याकडे बघून नववीतला एक पोरगा हळूच म्हणाला, "मॅडम, हे शेतात आठ दिस बी टिकायचं नाही. काट्यावरचं निघून जाईल." त्याच्या वडिलांच्या मोटरला ऑटो बसवलाय, रात्री लाइट आली की आपोआप सुरू होते, आणि त्याच्या पाण्याच्या वायरी तो दर पावसाळ्यात बदलतो. बरोबर होतं त्याचं. ओल्या मातीत सतत वीज दिली की काटे झिजतात. फक्त वाचन घेतानाच क्षणभर वीज द्यायची, किंवा धातू उघडा नसलेला दुसऱ्या जातीचा सेन्सर वापरायचा, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "मंग तसंच आणायचं ना." गप्प बसले.

दोन दिवसांत 37 एलईडी गेले, बहुतेक रेझिस्टर न लावल्याने. बोर्ड तीन गेले. एकात कुणी 9 व्होल्टची बॅटरी थेट 5 व्होल्टच्या पिनेला लावली, बारीकसा वास आला. एक टेबलावरच्या वायरच्या तुकड्यांवर ठेवला गेला. तिसरा कसा गेला ते कळलं नाही. बॅटरी लावणारी मुलगी पांढरीफटक पडली होती. "किती भरायचे मॅडम?" म्हणाली. मी तिला नवीन बोर्ड दिला आणि जळालेला तिलाच खपाच्या वहीत लिहायला लावला, तारीख आणि कारणासकट. तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं: "चुकीची पिन."

मग मार्च. अग्रिमाचं समायोजन, म्हणजे खर्चाचा हिशोब देणं, 25 तारखेच्या आत, असं परिपत्रक होतं. शेवटच्या आठवड्यावर भिस्त ठेवू नका. 2025 ला 30 ला पाडवा, 31 ला ईद, शेवटचे दोन्ही दिवस बंदच. मी 10 मार्चला सगळं दिलं. 17 ला आक्षेप आला: तपकीर गल्लीचं बिल विभागाच्या नावाने आहे, कुलसचिवांच्या नावाने हवं. दुकानदाराला नाव मीच चुकीचं सांगितलं होतं. त्याने कुरकुर न करता दुरुस्त बिल कुरिअर केलं, ते 21 ला मिळालं, 24 ला जमा केलं. एक दिवस राखून. अग्रिमातून 17,771 संचांचे आणि 1,850 फलक, सोल्डर आणि दूध यांचे, उरलेले 379 रुपये चलनाने परत भरले. ते 379 भरायला मी दोन रांगांत मिळून दीड तास उभी होते. पुण्याच्या प्रवासाचे 1,140 मिळाले नाहीत, तासिकावाल्यांना प्रवासभत्ता नसतो. तुम्ही माझ्यासारखेच असाल तर कायम शिक्षकाला सोबत न्या, निदान त्यांचं भाडं तरी निघेल.

एप्रिलमध्ये त्या नववीतल्या पोराच्या शाळेतून तिथल्या सरांचा फोन आला, सुट्टीतल्या वर्गासाठी काही संच मिळतील का म्हणून. डेड स्टॉक असता तर विद्यापीठाबाहेर न्यायला पुन्हा फाइल लागली असती. खपाच्या वहीत एकवीस बोर्ड शिल्लक होते. विभागप्रमुखांची सही घेऊन सहा दिले, मुख्याध्यापकांची पोच वहीत चिकटवली. जूनमध्ये पाच परत आले. सहाव्याच्या जागी चिठ्ठी होती, "मोटरच्या ऑटोला लावला आहे, चालू आहे." ती पण चिकटवली.